दुसरं प्रूफ

"तुमचा हात माझ्या हातात आहे तोवर, स्वल्पविराम, मला कशाचीच भीती वाटत नाही, उद्गारचिन्ह," शरयू हळबे वाचत होत्या. "कंसात, यमुना हात मागे घेते, कंस पुरा. बांगड्या भरून झाल्या का, प्रश्नचिन्ह."

लाकडी फळ्यांच्या पलीकडे कोणीतरी खाकरलं. मग कंपोझिटर रंगा कोष्टीचा आवाज आला, "मास्तर, हात सोडा आता. बाईंना पान उलटायचंय!"

पलीकडे पाच-सहा जण खदखदून हसले. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवण्याची टकटक क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. हळबेबाईंनी पान उलटलं. त्यांचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार, पण ते मला कसे दिसणार?

ही एकोणीसशे अडुसष्टच्या एप्रिलमधली गोष्ट. सांगलीला भूपाल चौगुल्यांच्या छापखान्यात मी बारा वर्षं प्रूफं तपासत होतो. तेव्हाची पद्धत अशी होती की एकाने लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने समोर बसून प्रूफावर चुका काढायच्या. चिन्हंसुद्धा वाचायची. वाचणाऱ्याने अर्थ वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. माझ्या आधी या खुर्चीत बसणारे गोविंदराव हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत आणि वर सांगत, "कंपोझिटरही अर्थ वाचत नाही. त्याला खिळे दिसतात, वाक्यं दिसत नाहीत." हळबेबाईंनी आणि मी, दोघांनीही हे वेदवाक्य मानलं होतं.

हळबेबाई माझ्यासमोर बसू लागल्याला चार वर्षं झाली होती. वय एकतीस. वडील गेलेले, भावाकडे राहत. बोलताना तोंडावर हात धरायची त्यांना सवय होती, आणि वाचताना हात मोकळे लागतात म्हणून की काय, वाचताना त्या एकदाही अडखळत नसत. मीही तसाच. दुकानात जाऊन साखर मागायची तर मी आधी मनात वाक्य जुळवत असे. या चार वर्षांत शेकडो पुस्तकं त्यांनी मला वाचून दाखवली: कादंबऱ्या, पाकशास्त्र, शेतीच्या पत्रिका, स्तोत्रं. स्वतःचं म्हणून आम्ही जे बोललो ते मात्र एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पंखा लावू का? नको, कागद उडतील. शाई संपली वाटतं. आणते.

आणि त्या महिन्यात नेमकं हे नाटक आलं.

मूळ नाटक फ्रेंच. हातमोजे विकणारा एक पराकोटीचा लाजाळू माणूस आणि त्याच्याहून लाजाळू अशी त्याची मदतनीस, अशी गंमत. कॉलेजातल्या प्राध्यापक घैसासांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणलं होतं. सांगलीत हातमोजे कोण घालणार, म्हणून त्यांनी बांगड्यांचं दुकान केलं. नरहर नावाचा कासार, बाईचा हात हातात घ्यायचा म्हणजे डोळे मिटून घेणारा. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मनगटाऐवजी तो एकदा तिच्या नवऱ्याच्याच हातात बांगड्या भरतो. दुकानात कोणी आलं की यमुना पेट्यांमागे लपते. तीन अंक दोघं एकमेकांना चुकवत राहतात आणि शेवटी लग्न होतं. घैसासांना नाव सुचत नव्हतं, म्हणून मुखपृष्ठ रखडलं होतं. सगळा छापखाना त्या नाटकावर खूश होता. आम्ही दोघं सोडून.

"मास्तर, आज डोळे मिटून प्रूफ तपासा!" कोणीतरी रोज ओरडे. एकदा माझ्या टेबलावर हिरव्या काचेची बांगडी ठेवलेली सापडली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी रंगाने सगळ्यांना सांगितलं की मास्तरांनी बांगडी जपून ठेवली आहे.

रंगा वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी रोज सकाळी छापखान्याची पायरी चढताना त्याला शिव्या देत असे, अर्थात मनात.

त्या सोमवारी दुपारी अण्णा चौगुले आमच्या खोलीत आले. मालक असूनही ते दारात उभं राहूनच बोलत.

"सिधये, वाचायला दुसरं कुणी बघून ठेवा की."

मी मान वर केली. हळबेबाईंनी केली नाही.

"बाईंचे बंधू भेटलेले बाजारात. हुबळीची मंडळी येणार शनिवारी. बिजवर आहे, पण रेल्वेत आहे. पसंत पडल्या तर वैशाखातच उरकायचं म्हणतात." मग त्यांच्याकडे बघून, धीर द्यायच्या सुरात, "पडतील की. ह्या वयात तेही काय फार चिकित्सा करत न्हाईत."

पलीकडे टकटक थांबली होती. अण्णा गेले. हळबेबाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांची एक ओळ गाळली गेली. मी ती दाखवली नाही. पुढचं पान येईपर्यंत त्या वाचत राहिल्या. मग हात तोंडावर गेला.

"मला कानडी येत नाही," त्या म्हणाल्या.

आता मला कळतं, त्या मला काय सांगत होत्या. तेव्हाही कळलं असावं. पण मी काय म्हणालो?

"हुबळीत मराठी बोलतात," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं वाक्य वाचलं.

संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी भिंतीशी बसून राहिलो. गावभागात माझी एक खोली होती. आई गेल्यापासून तिथे मी आणि पुस्तकं. मी छत्तीस वर्षांचा होतो. शनिवारला पाच दिवस होते. तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पत्र लिहावं तर ते द्यायचं कसं? त्यांच्या हातात द्यायचं म्हणजे पुन्हा तेच. मग माझ्या ध्यानात आलं की घैसासांचं हस्तलिखित ठिगळांनी भरलेलं आहे. त्यांना मागाहून काही सुचलं की ते चिठ्ठी लिहून डिंकाने पानाला चिकटवत. त्यात आणखी एक चिठ्ठी कोणाला जाणवणार?

मी सतरा वेळा लिहून फाडलं. उरलं ते एवढं:

"नरहर : चार वर्षं समोर बसतो आहे. बोलता येत नाही म्हणून हे असं. हुबळीला जाऊ नका. माझी एक खोली आहे आणि पुस्तकं आहेत, दुसरं काही नाही. चालत असेल तर सांगा."

मंगळवारी सकाळी ती चिठ्ठी हस्तलिखितातल्या एका पानाला चिकटवून मी म्हणालो, "आज मी वाचतो. तुम्ही प्रूफ बघा. बारीक टाइपाने डोळे दुखताहेत."

हळबेबाईंनी खुर्ची बदलली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या जागी बसलो. तिथून खिडकी दिसत नाही, फक्त समोरच्याचा चेहरा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी वाचत गेलो. ते पान आलं. माझा आवाज कसा लागला होता ते मला सांगता येणार नाही. स्वतःचा आवाज कोणाला ऐकू येतो?

"नरहर. चार वर्षं समोर बसतो आहे, पूर्णविराम. बोलता येत नाही म्हणून हे असं, पूर्णविराम."

त्यांची पेन्सिल प्रूफावर शोधू लागली. वर, खाली, पुन्हा वर. प्रूफात ते नव्हतंच.

"हुबळीला जाऊ नका, पूर्णविराम."

पेन्सिल थांबली. नाटकात हुबळी कुठेच नव्हती. मी डोळे कागदावरून हलवले नाहीत आणि उरलेलं शेवटपर्यंत वाचलं, एकही चिन्ह न गाळता. मग मी थांबलो. पलीकडे छपाईचं ट्रेडल यंत्र चालू होतं, त्याच्या आवाजात आमचं काही जात नव्हतं, निदान मला तसं वाटलं.

पेन्सिल समासाकडे सरकली.

"हे सुटलंय," त्या म्हणाल्या. हात तोंडावर नव्हता. "समासात लिहून घेते."

त्या वाकून लिहू लागल्या. माझी पाच वाक्यं लिहायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्याहून जास्त वेळ त्या लिहीत होत्या. शेवटी त्यांनी एका शब्दाखाली रेघ मारली. प्रूफ माझ्याकडे दिलं नाही. पाच वाजले तेव्हा त्यांनी ते दुरुस्तीच्या ट्रेमध्ये ठेवलं, रोज ठेवत तसंच, आणि फळीत कापलेल्या चौकोनातून ट्रे पलीकडे सरकवला. कंपोझिटरला खिळे दिसतात, वाक्यं दिसत नाहीत. उत्तर उद्या सकाळी छापून माझ्या टेबलावर येईल. मला ते त्यांच्यासमोर वाचता येईल. दोघांपैकी कोणालाच बोलावं लागणार नाही. त्यांनी असा विचार केला असेल. मी त्यांच्या जागी असतो तर असाच केला असता.

चिठ्ठी मी हस्तलिखितातून काढून खिशात टाकली.

बुधवारी मी नेहमीपेक्षा आधी गेलो. दुसरं प्रूफ टेबलावर होतं, अजून ओलं. त्याच्याखाली, रिवाजाप्रमाणे, पहिल्या प्रूफाची पानं एकेक घडी घालून ठेवलेली होती. दुसरं प्रूफ तपासायची रीत साधी आहे. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायची, पहिल्यावरच्या प्रत्येक दुरुस्तीवर डाव्या हाताचं बोट आणि ती दुसऱ्यात उतरली का ते उजव्या हाताने बघायचं. बारा वर्षांत मी याशिवाय एकही पान सोडलेलं नव्हतं.

मी आधी ते पान काढलं. माझे शब्द तिथे होते, छापलेले. छापल्यावर ते दुसऱ्या कोणाचे तरी, जरा बऱ्या माणसाचे वाटत होते. त्याच्याखाली उत्तर होतं.

"यमुना : कधी आरशात बघितलंत का? चार वर्षं समोर बसले ती पोटासाठी. हुबळीच काय, काळ्या पाण्यावर जाईन, पण तुमच्या त्या खोलीत यायची नाही."

तुम्ही म्हणाल, तोंडावर हात धरून बोलणारी बाई असं लिहील का? मला त्या सकाळी हा प्रश्न पडला नाही. कारण यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतःला आधी म्हणून झालो होतो. आरसा, पोटासाठी, ती खोली, सगळं. ओळखीच्या अक्षरावर आपण शंका घेत नाही, तसं झालं. मला आश्चर्य वाटलं ते एवढंच की त्यांना हे सगळं इतकं नेमकं माहीत होतं.

त्या पानाचं पहिलं प्रूफ घडीत होतं. ते उघडलं की हेच वाक्य मला त्यांच्या हातच्या अक्षरात दिसणार होतं. त्यांचं अक्षर फार सुबक होतं. मी घडी उघडली नाही.

हळबेबाई आल्या. निळं लुगडं होतं, नवं किंवा ठेवणीतलं. त्या आपल्या खुर्चीत बसल्या. दुसऱ्या प्रूफाला वाचणाऱ्याचं काम नसतं, तरी त्या बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. मी पहिली पानं तपासली. ताडून पाहिली, नेहमीसारखी. त्या पानाशी आलो तेव्हा मी लाल शाईचा टाक घेतला आणि दोन्ही संवादांवर आडवी रेघ मारली. एक माझ्यावर, एक त्यांच्यावर. त्यांच्यावरची जरा जोरात मारली गेली, कागद फाटला.

"काय काढलंत?" त्यांनी विचारलं.

"दोन संवाद. मूळ नाटकात नाहीत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी टेबलाची कड धरली. "दुसरा... वाचलात तुम्ही?"

"वाचला."

"मग?"

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढं लिहून वर ही बाई 'मग' विचारते आहे. माझ्यात कुठून आलं कोण जाणे, पण माझा आवाज स्पष्ट होता, फळीपलीकडे ऐकू जाण्याइतका.

"मग काय? शोभत नाही."

फळीतल्या चौकोनात रंगाचा चेहरा आला. तो हसत होता, पण अर्धवट. "मास्तर, पहिलं प्रूफ ताडून बघितलंत ना नीट?"

"बघितलं."

"नीट बघितलं?"

"बघितलं म्हटलं ना! तुझं काम कर."

त्याचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला काहीतरी घाण दाखवली होती. चेहरा चौकोनातून नाहीसा झाला. त्या दिवशी पलीकडून कोणीही काही ओरडलं नाही.

हळबेबाई पाच वाजेपर्यंत बसून होत्या. दुपारी एका सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल आला, तो त्यांनी वाचून दाखवला. सगळी चिन्हं बरोबर वाचली.

शनिवारी हुबळीची मंडळी आली आणि पसंती झाली. लग्नाची पत्रिका अण्णांनी भेट म्हणून छापून दिली. तिचं प्रूफ रंगाने मला वाचून दाखवलं, माझ्याकडे न बघता. हळबेबाई तोवर यायच्या थांबल्या होत्या. लग्नाला मी गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं.

नाटक मे महिन्याच्या शेवटी छापून झालं. हस्तलिखित आणि पहिली प्रूफं लेखकाला परत करायची पद्धत होती. गठ्ठा बांधण्यापूर्वी पानं क्रमवार लावायला मी बसलो. माझी दुपार मोकळी होती. त्या घडीशी हात आला तेव्हा मी ती तशीच गठ्ठ्यात सरकवली. मग वाटलं, हे घैसासांनी वाचावं का? त्या बिचारीचं अक्षर परक्या माणसाने बघू नये. फाडून टाकावं म्हणून मी घडी उघडली.

समासात माझं बोलणं त्यांनी उतरवून घेतलं होतं, एकही शब्द न चुकवता. त्याच्याखाली लिहिलं होतं:

"यमुना : हो. दादाला विचारायला मात्र तुम्हालाच यावं लागेल. मला बोलता येणार नाही. शनिवारच्या आत या."

'आत' या शब्दाखाली रेघ होती.

मी फळीला वळसा घालून पलीकडे गेलो. बारा वर्षांत मी तिकडे चार-पाचदाच गेलो असेन. रंगा खिळ्यांच्या पेटीसमोर उभा होता. मी तो कागद त्याच्यासमोर धरला.

त्याने बघितलं आणि हातातली खिळे जुळवायची कांडी खाली ठेवली. "हे काय आता दाखवताय?"

"हे तू बदललंस."

"व्हय. गंमत केली."

"गंमत?"

"मास्तर," तो म्हणाला, आणि हळूहळू त्याला काय झालं ते समजत गेलं, मला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मास्तर, तुम्ही पहिलं प्रूफ न बघता दुसरं सोडलंय, असं आजवर कधी झालंय? एकदा तरी? त्याच भरवशावर केली की मी. म्हटलं, वरची शिवी वाचून मास्तरचं तोंड उतरंल, मग खालचं बाईचं अक्षर बघतील, लाजतील, आम्ही सगळी हसू, सांजच्याला पेढे मागू. सगळी पोरं थांबली हुती त्यासाठी." तो थांबला. "तुम्ही म्हणाला, बघितलं. दोनदा विचारलं मी."

"हो."

"मला वाटलं, बाईचं हो वाचून खोडलं ह्या माणसानं. वर तिला म्हणतोय, शोभत न्हाई. माझं जेवणावरनं मन उडालं हो. म्हटलं, गरीब दिसतोय पण काळीज दगडाचं." मग तो अगदी हळू म्हणाला, "म्हंजी तुम्ही वाचलंच न्हाई?"

बाकीचे काम थांबवून बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तो कागद मी गठ्ठ्यात ठेवला नाही. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि रोज सदरा बदलताना तो या खिशातून त्या खिशात जाऊ लागला. आता काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी एक गोष्ट मनातून जात नव्हती. हुबळीला एक बाई आहे आणि तिला वाटतं की तिचा होकार वाचून मी त्यावर लाल रेघ मारली. मी तसा नव्हतो. मी भित्रा होतो, पण तसा नव्हतो. तिला हे कळायलाच हवं, असं मी स्वतःला सांगत असे. आजवर मी गप्प बसूनच नुकसान केलं, या खेपेला गप्प बसायचं नाही.

श्रावणात त्या पहिल्या मंगळागौरीसाठी माहेरी आल्या आणि एका दुपारी नवऱ्याला घेऊन छापखान्यात आल्या. श्रीनिवासराव कट्टी चाळिशीचे, धिप्पाड, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. दारातून आत येताच त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्हीच का ते सिधये! ही सांगत असते बघा. शुद्ध लिहायचं म्हणजे सिधयांकडे बघून शिकावं म्हणते."

त्या मागे उभ्या होत्या. अंगाने जरा भरल्या होत्या. तोंडावर हात नव्हता. "काय, बरे आहात?" त्यांनी मला विचारलं, अगदी सहज. मी बरा आहे म्हटलं. कट्टींच्या दोन लहान मुलींबद्दल त्या आपण होऊन बोलल्या. धाकटी वेणी घालताना रडते, मोठीला पाढे येत नाहीत. बोलता-बोलता त्या हसल्यासुद्धा. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "चला की, नवीन मशीन दाखवतो तुम्हाला," आणि कट्टींना घेऊन मागे गेले.

आम्ही दोघं उरलो. त्या जुन्या सवयीने आपल्या खुर्चीत बसल्या. मी खिशात हात घातला.

"हे तुम्ही बघायला हवं," मी म्हणालो. "त्या दिवशी मी जे खोडलं ते तुमचं नव्हतं. रंगाने बदललं होतं. खाली काय लिहिलंय ते मी तेव्हा बघितलंच नाही."

त्यांनी घडी उघडली. स्वतःचं अक्षर ओळखलं. मग मी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं, थोड्या उशिराने. चेहऱ्यावरचं जे काही या चार महिन्यांत नव्याने आलं होतं ते एक-एक करून गेलं, मी बघत होतो. लग्नाआधीची बाई पुन्हा समोर बसली.

"म्हणजे वाचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि शोभत नाही म्हणालात ते..."

"ते रंगाच्या वाक्यांना."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "त्या बुधवारी घरी जाऊन मी दादाला सांगितलं, मला हुबळी पसंत आहे. तेव्हा ती मंडळी यायचीसुद्धा होती." मग त्यांनी मान वर केली. "मी तुम्हाला दुष्ट ठरवून टाकलं होतं. एक दुष्ट माणूस होता, त्याच्यापासून सुटले, असं. त्यावर सगळं बरं चाललं होतं माझं. झोप लागत होती."

"मला वाटलं, खरं काय ते तुम्हाला कळायला हवं."

"मला?" त्या म्हणाल्या. "का तुम्हाला बरं वाटायला हवं होतं?"

मागून कट्टींचा मोठा आवाज येत होता, ते मशीनचं कौतुक करत होते.

"आता मी काय करू याचं?" त्यांनी विचारलं. "सांगा ना. इतके दिवस खिशात घेऊन फिरलात, काहीतरी ठरवलं असेल. मी काय करायचं?"

मी ठरवलेलं नव्हतं. दाखवायचं, इथपर्यंतच मी आलो होतो.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, माझी लोखंडी पट्टी घेतली, समासाच्या कडेला लावली आणि तेवढी कागदाची पट्टी सरळ फाडून घेतली, जिच्यावर त्यांचं अक्षर होतं. छापलेलं पान माझ्यापुढे सरकवलं.

"हे नाटकाचं, तुमच्याकडे असू द्या," त्या म्हणाल्या. "हे मी लिहिलेलं आहे. मी परत घेते."

त्या पट्टीचे त्यांनी बारीक तुकडे केले, घाई न करता, आणि टेबलाखालच्या टोपलीत कात्रणांवर टाकले. कट्टी आले तेव्हा त्या उभ्या होत्या.

"झालं बोलून? अरे, डोळे का लाल दिसतात?"

"झालं," त्या म्हणाल्या. "चला."

त्यांची पावलं बाहेर जाईपर्यंत मी ऐकली. मग मी समोरचं काम ओढलं. टोपली माझ्या पायाला लागत होती. तुकडे थोडेच होते, जुळवायला अर्धा तास पुरला असता. जुळवणं हेच तर तिथे सगळ्यांचं काम होतं. मी आता वाकेन, असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

सहा वाजता झाडायला बाई आली. तिने टोपली उचलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यातलं काय पायजे का?"

मी नाही म्हटलं.